केशवराव कृष्णराव दाते

डॉ. केशवराव कृष्णराव दाते (१९१२–१९८३) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ, अध्यापक व वैद्यकीय संशोधक होते. शवासनाचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर मोजून पाहणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

कार्य

परळ येथील के. ई. एम. रुग्णालय व त्याला संलग्न असलेले सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथे ते हृदयरोग विभागाचे प्रमुख होते.

शवासनावरील संशोधन

त्या काळी रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या रेसरपीन, ग्वानेथिडीन यांसारख्या औषधांनी दाब कमी होत असे. परंतु काहींना औदासीन्य येई, तर काहींना उभे राहताच भोवळ येई. औषध आयुष्यभर घ्यावयाचे असल्याने त्याची मात्रा कमी करणे महत्त्वाचे होते.

आसनांच्या परिणामांचे मापन लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून चालविले होते. दाते यांनी ती पद्धत रुग्णचिकित्सेत आणली. त्यांचा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ४७ रुग्णांचा अभ्यास होता. रुग्ण रोज अर्धा तास उताणे पडून, डोळे मिटून संथ श्वसन करीत आणि आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब यांकडे लक्ष देत.

औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मि.मी. पाऱ्यापर्यंत उतरला. औषधाने दाब नियंत्रणात असलेल्या २२ पैकी १३ जणांची औषधाची गरज मूळ मात्रेच्या सुमारे एकतृतीयांशावर आली. उरलेल्या ९ जणांना तसा लाभ झाला नाही. त्यामुळे शवासन हा सर्वांना सारखा लागू पडणारा उपाय नसून, प्रत्येक रुग्णाचा दाब पाहून औषधाची मात्रा ठरवावी लागते, हे स्पष्ट झाले.

प्रभाव व सन्मान

पुढे लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ पासून विश्रांतीच्या अशा तंत्रांवर प्रयोग केले. दूरध्वनी उचलण्यापूर्वी किंवा वाहतुकीचा लाल दिवा दिसताच शरीर सैल सोडण्यास त्या रुग्णांना शिकवीत. त्यामुळे हे उपचार रुग्णांच्या दैनंदिन व्यवहारात मिसळले.

भारत सरकारने १९६९ मध्ये दाते यांना पद्मभूषण देऊन गौरविले.