श्रीमंत चिमाजीअप्पा : अनुजधर्माचा आदर्श

धार नगराच्या पश्चिमेस तिरला नावाचे लहानसे गाव आहे. मोगल सरदार दयाबहादूर येथे १७३१ मध्ये पडला, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुढे समकालीन पत्रांवरून संशोधकांनी निश्चित केले की, माळव्याचा सुभेदार गिरिधरबहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दयाबहादूर हे दोघेही २९ नोव्हेंबर १७२८ रोजी तिरल्याच्या पलीकडील अमझेऱ्याच्या रणात मारले गेले. त्या विजयी सेनेचे नायक होते श्रीमंत चिमाजीअप्पा.

१७२० मध्ये पितृछत्र हरपले आणि ज्येष्ठ बंधू बाजीराव यांस पेशवेपद मिळाले. तेव्हापासून अप्पांनी दुसरे स्थान हेच आपले स्थान मानले. प्रकृती नाजूक, तथापि बंधू दूरच्या मोहिमेवर असता सातारा दरबार सांभाळणे, फौजेस पैसा पुरविणे, पुतण्यास कारभाराचे शिक्षण देणे, हा सारा भार त्यांनी वाहिला. माळव्यातील विजयानंतर त्या भूमीत पवार, होळकर व शिंदे यांची घराणी नांदली. अप्पांची गादी तेथे झाली नाही.

धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींवर उभय बंधूंची निष्ठा होती. कोकणात प्रजेस व देवस्थानांस उपद्रव देणारा सिद्दी सात १७३६ मध्ये अप्पांनी मारला. पुढे वसईचा दुर्धर वेढा पडला. सुरुंग उडत होते, माणसे हजारोंनी पडत होती. किल्ला हाती येत नसेल तर आपले शिर तरी तोफेने आत टाकावे, असा त्यांचा निर्धार होता, असे परंपरा सांगते. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. विजयी अप्पांनी पोर्तुगीजांस कुटुंबांसह सन्मानाने जाऊ दिले आणि वज्रेश्वरीचा नवस फेडला.

तथापि एक गोष्ट चरित्रकाराने झाकू नये. पेशवेपदाची अब्रू राखण्याच्या विचाराने मस्तानीस अटकेत ठेवण्यात अप्पांचाही हात होता. त्याची जखम बंधूच्या अंतःकरणास झाली. स्वतःचे सर्वस्व देणाऱ्यास दुसऱ्याच्या सुखाचा त्याग मागण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीराव निवर्तले. अप्पांची कीर्ती तेव्हा शिखरावर होती. परंतु त्यांनी आपले सारे वजन पुतण्याच्या पाठीशी उभे केले आणि नानासाहेब पेशवे झाले. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी अप्पांनीही देह ठेवला.

पुढे याच घराण्यात दुसरे एक काका, रघुनाथराव, पेशवेपदाच्या मोहात पडले. १७७३ मध्ये पुतण्या नारायणराव यांचा वध झाला; काकांस पद अल्पकाळ लाभले, प्रतिष्ठा कायमची गेली. नाते तेच, घराणे तेच. एकाने अधिकार दुसऱ्याच्या हाती दिला, म्हणून त्याचा शब्द वजनदार ठरला. दुसऱ्याने तो ओढून घेतला आणि शब्दाचे वजनच गमावले. लोक ज्यास स्वेच्छेने मानतात त्याची सत्ता अशी त्यागातून निपजते. भाविकजनहो, संसारात असो वा संस्थेत, मागे उभे राहण्याचे बळ ज्याच्या अंगी आहे, त्यासच पुढे उभे राहण्याचा अधिकार शोभतो.