घरच्या रुग्णसेवेच्या गुरू : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर रुग्णालयातून परतलेल्या आजाऱ्याची शुश्रूषा घरचीच माणसे करतात. त्यांना उपयोगी पडावे असे हे चरित्र आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत, एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. सतराव्या वर्षी त्यांना परमेश्वराचे पाचारण जाणवले. १८५४ साली क्रिमियन युद्धातील जखमींसाठी त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानात गेल्या; त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. तेथे जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावत होते.

मायदेशी परतल्यावर त्या स्वतः दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या. १८५९ साली त्यांनी घरी शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांसाठी पुस्तक लिहिले. खेळती हवा, शुद्ध पाणी, स्वच्छ हात, वेळेवर अन्न यांचा आग्रह त्यात आहेच. परंतु आपण खोलीत नसतानाही रुग्णाचे काही राहून जाऊ नये अशी व्यवस्था लावणे, ही त्यांची मोठी शिकवण. नुसती माया पुरत नाही.

गरिबांच्या घरी जाणाऱ्या परिचारिकांसाठी लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन यांनी त्यांच्याच सल्ल्याने प्रशिक्षण सुरू केले. त्या भारतात कधी आल्या नाहीत. तरी खेड्यांच्या आरोग्याविषयी त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या घरी कोणी आजारी असेल, तर औषधांच्या वेळा लिहून भिंतीवर लावाव्यात आणि आपल्यामागे रुग्णाकडे कोण पाहणार, हे ठरवूनच शेतावर जावे.