सम्राज्ञी मुमताजमहल

आग्र्याचा ताजमहाल सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या सम्राज्ञीसाठी तो उभारला गेला, तिने अखेरचा श्वास आपल्या बुऱ्हाणपुरात घेतला, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

मुमताजमहलचे मूळ नाव अर्जुमंद बानू. तिचा जन्म १५९३ साली झाला. ती आसफखानाची कन्या व नूरजहानची भाची. १६१२ साली शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढे सम्राट झालेला शाहजहान, याच्याशी तिचा विवाह झाला. मोहिमांतही ती पतीची साथ सोडीत नसे. त्यामुळे तिची मुले निरनिराळ्या ठिकाणी जन्मली. जहाँआरा अजमेरास (१६१४), रोशनआरा बुऱ्हाणपुरास (१६१७), तर औरंगजेब दोहदला (१६१८). एकोणीस वर्षांत तिला चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी सातच जगली.

मोगल राजघराण्यात तान्ह्या बाळास पाजण्यासाठी दाई नेमण्याची चाल होती. तिला ‘अंगा’ म्हणत व तिला मातेचा मान देत. या चालीने बाळास दूध मिळे. परंतु मातेला मात्र एका लाभास मुकावे लागे. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की, बाळाला अंगावर पाजल्याने प्रसूत स्त्रीचे गर्भाशय लवकर आकसते, रक्तस्राव कमी होतो आणि पुढील गर्भधारणाही काही काळ बहुधा लांबते.

१६३० साली खानजहान लोदीच्या बंडामुळे शाहजहान बुऱ्हाणपुरास आला. त्याच सुमारास गुजरात व दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता. जून १६३१ मध्ये येथेच मुमताजने गौहरआरा या कन्येला जन्म दिला आणि त्याच बाळंतपणात तिचे देहावसान झाले. हकीम, दासी, धन, कशाचीही उणीव नव्हती. तरी ती वाचली नाही. ताप्तीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिचे दफन झाले व डिसेंबरमध्ये शाहजादा शुजाच्या देखरेखीखाली तिचे शव आग्र्यास नेण्यात आले.

थोरली जहाँआरा तेव्हा सतरा वर्षांची होती. अंतःपुराचा भार तिच्यावर आला. मातेविना वाढलेली गौहरआरा मात्र १७०६ पर्यंत जगली. इतरांच्या दुधावर व मायेवर ते बालक तगले.

विद्यार्थी मित्रहो, सम्राज्ञीलाही न लाभलेली काळजी आज सामान्य घरातील मातेस मिळू शकते. गरोदरपणी वेळोवेळी तपासणी, रुग्णालयात प्रसूती, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर, जन्मल्यापासून तासाभरात बाळाला आईच्या उराशी देऊन पाजणे व पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, या गोष्टींस राजवैभव लागत नाही. त्यांस घरच्यांची साथ लागते. बाळंतिणीला विश्रांती व सकस आहार मिळावा, हे पाहणे पित्याचे, सासूचे व मोठ्या भावंडांचेही कर्तव्य आहे. सहलीस आहूखान्यात जाल, तेव्हा तेथे काही महिने विसावलेल्या त्या मातेचे स्मरण करा, आणि आपल्या घरी पाळणा हलणार असेल, तर आईच्या हातचे एखादे काम आपल्या हाती घ्या.