कारंज्याच्या पोथ्या आणि डॉ. हिरालाल जैन

प्राकृत आणि मराठी-हिंदी यांना जोडणारा दुवा म्हणजे अपभ्रंश. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र या भाषेचे छापील ग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. भाषेचा इतिहास लिहायचा तरी कशाच्या आधारे?

नरसिंहपूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिरालाल जैन (१८९९-१९७३) हे १९२५ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि साधनांचा शोध त्यांना जवळच्याच कारंजा लाडला घेऊन आला. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही जैन मंदिरांत पोथ्यांचे भांडार श्रद्धेने जपले गेले होते. येथील हस्तलिखितांची नोंद १९२६ च्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सूचीत झाली. (सूचीकार रायबहादूर हिरालाल हे कटनीचे, नामसाधर्म्याने गल्लत होते.)

जैन यांनी संपादित केलेले ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’ (१९३३) आणि ‘करकंडचरिउ’ (१९३४) हे ग्रंथ कारंज्यातूनच प्रकाशित झाले. ‘करकंडचरिउ’मधील तेरापूरची लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, हे त्यांनी दाखवून दिले. शोध भाषेचा होता. हाती इतिहासही लागला.

पुढे ‘धवला’ टीकेसह ‘षट्खंडागम’ संपादण्याचे काम सुमारे दोन दशके चालले. त्याचे सोळा खंड झाले.