हवा, खिळा आणि डनलॉप

टायरमध्ये जेल टाकायचं की नाही? हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न सबमिशनच्या तारखांइतकाच नियमितपणे येतो. एका पार्टीचं मत असं की एकदा बाटली ओतली की पंक्चरचं टेन्शन संपलं. दुसरी पार्टी म्हणते की त्या चिकट पाण्याने टायरची वाट लागते आणि पंक्चरवाला शिव्या देतो तो वेगळाच. दोन्ही पार्ट्यांमध्ये मेकॅनिकलवाले असल्यामुळे निकाल कधीच लागत नाही!

मित्रांनो, या वादाच्या निमित्ताने एका माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते. त्यांचं नाव आपल्या आजी-आजोबांनाही माहीत आहे, पण ते गादीमुळे. घरात पाहुणे आले की डनलॉपची गादी काढली जायची. हे डनलॉप नावाचे गृहस्थ खरोखर होऊन गेले, ते इंजिनिअर नव्हते आणि गादीशी त्यांचा स्वतःचा काही संबंध नव्हता, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते होते जनावरांचे डॉक्टर.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. आपण दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलो, असं त्यांना लहानपणी सांगण्यात आलं होतं. त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे अशी त्यांची पक्की समजूत झाली आणि ते आयुष्यभर जपून वागले. एडिंबरामध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन 1867 साली ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिकमध्ये भावाबरोबर आणि नंतर बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर त्यांनी प्रॅक्टिस केली. 1871 मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न झालं. एक मुलगी, एक मुलगा, चांगला चाललेला दवाखाना. पन्नाशीकडे झुकलेल्या या माणसाला नवीन काही शोधून काढायची गरज होती असं अजिबात दिसत नाही.

गरज पडली ती मुलाच्या तीनचाकी सायकलमुळे. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशीचे होते आणि त्या काळातल्या सायकलींना भरीव रबराच्या पट्ट्या असायच्या. फरशीवरून सायकल गेली की हाडं खिळखिळी व्हायची. लहानगा जॉनी या धक्क्यांनी वैतागला होता. डॉक्टरांच्या हाताला रबराची सवय होती. ऑक्टोबर 1887 मध्ये त्यांनी एक मोठी लाकडी चकती घेतली. पातळ रबराची नळी बनवून ती चकतीभोवती गुंडाळली, वरून कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि जॉनीच्या फुटबॉलच्या पंपाने त्यात हवा भरली.

यापुढची टेस्ट आपल्या फर्स्ट इयरच्या कुठल्याही प्रॅक्टिकलपेक्षा साधी आहे. त्यांनी अंगणात आधी सायकलचं भरीव रबराचं चाक ढकललं. ते थोडं पुढे जाऊन आडवं झालं. मग हवेची चकती ढकलली. ती अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आपटली आणि उलटी फिरली! ना लोड सेल, ना ग्राफ. पण निष्कर्ष स्वच्छ होता. भरीव चाकाची ताकद प्रत्येक खाचखळग्यावर उसळण्यात वाया जाते. हवेचं चाक खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. म्हणजे बसणाऱ्याला आराम आणि वर वेगही. आज आपण ज्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतो तो त्यांनी अंगणात डोळ्यांनी पाहिला.

पुढे सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसले, मग मोठ्या सायकलवर प्रयोग झाले. 7 डिसेंबर 1888 रोजी पेटंट मिळालं. या टायरला नाव पडलं न्यूमॅटिक. ज्याच्या स्पेलिंगमधला पी सायलेंट असतो आणि व्हायवात नेमका तोच बोलला जातो, तेच ते.

लोक मात्र हसले. जाडजूड, फुगलेले टायर पाहून त्यांना सॉसेजची आठवण यायची. हसणं थांबलं 18 मे 1889 रोजी. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये विली ह्यूम हा स्थानिक क्लबचा कॅप्टन हवेचे टायर लावलेली सायकल घेऊन उतरला आणि चारही शर्यती जिंकला. हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रॉस या आयरिश उद्योजकाची मुलं होती. बापाने मुलांच्या हरण्याचं दुःख करण्यापेक्षा टायर नीट पाहून घेतला. त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क थोडी रोख रक्कम आणि थोडे शेअर्स घेऊन देऊन टाकले.

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण हवेबरोबर पंक्चरही जगात आलं. भरीव रबराला खिळ्याची भीती नव्हती. डनलॉप यांच्या टायरमध्ये गंमत फक्त हवेची होती आणि ती घालवायला एक काटा पुरेसा होता. त्यात हा टायर रिमला चक्क चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं उकलायचं, नळीला पॅच लावायचा, पुन्हा चिकटवायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. 1889 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असाच एक सायकलवाला पंक्चर घेऊन आला. दुरुस्तीला तीनेक तास लागले, शिवाय रात्रभर वाळवणं. एवढं करून सकाळी सायकल थोडी पुढे गेली आणि टायर परत बसला. एखाद्याने तो टायर फेकून दिला असता. मिशेलिन बंधूंनी ठरवलं की हवा हवीच, फक्त टायर चटकन काढता-घालता आला पाहिजे. 1891 मध्ये त्यांच्या सुट्या टायरवर शार्ल तेराँ याने पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही लांबलचक शर्यत जिंकली. आज मिशेलिन हे नाव आपण टायरवर वाचतो, त्याची सुरुवात एका फसलेल्या पंक्चरमधून झाली.

इकडे डनलॉप यांच्यावर मोठा आघात झाला. पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच ते रद्द ठरलं. कारण हवेच्या टायरची कल्पना आधीच नोंदलेली होती! रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने 1845 सालीच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे आपल्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठा. त्याने लंडनमध्ये घोडागाडीला असे टायर लावून चालवूनही दाखवले होते. पण तेव्हा सायकली नव्हत्या, योग्य रबर स्वस्त नव्हतं, आणि ही कल्पना लोक विसरून गेले. डनलॉप यांना तिची कल्पनाही नव्हती. ते चोर नव्हते, पण कायद्याच्या दृष्टीने पहिलेही नव्हते.

मग कंपनी वाचली कशावर? इथे नीट लक्ष द्या. ती वाचली दुसऱ्यांच्या पेटंटवर. चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या कडेत तार घातली, म्हणजे टायर रिमच्या खाचेत अडकून बसेल आणि हवा काढली की हाताने सुटेल. विल्यम बार्टलेट याने कडेला जाड गोट देऊन तेच साधलं. कंपनीने ही दोन्ही पेटंट्स मिळवली. आजच्या आपल्या बाइकच्या टायरमधली बीडची तार ही वेल्चचीच देणगी आहे. थोडक्यात, हवेच्या कल्पनेने कंपनी जन्माला आली, पण जगली ती पंक्चर काढणं सोपं केल्यामुळे. हवेत पैसे नव्हते, दुरुस्तीत होते!

1896 मध्ये हा धंदा तीस लाख पौंडांना विकला गेला आणि नव्या मालकाने लगेच पन्नास लाखांना बाजारात आणला. डनलॉप तोवर कंपनीतून बाजूला झाले होते. कंपनीला, कारखान्यांना, पुढे गाद्यांनासुद्धा त्यांचं नाव लागलं, संपत्ती मात्र दुसऱ्यांची झाली. ते डब्लिनमध्ये शांतपणे राहिले. नाजूक तब्येतीच्या या माणसाला आयुष्यात मोठं आजारपण असं आलंच नाही. ऑक्टोबर 1921 मध्ये सर्दी-तापाचं निमित्त झालं आणि 23 तारखेला, वयाच्या 81 व्या वर्षी ते गेले. नंतर उत्तर आयर्लंडच्या एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला.

त्यांचा टायर आपल्या देशातही रुजला. 1936 मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज इथे डनलॉपचा कारखाना निघाला. आता तो बंद पडला आहे, पण पूर्वी त्याची मोठी शान होती. आणि आपला जिल्हा? कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगर. इथे प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग एकामागून एक कारखाने झाले. लाकडी चाक आणि त्यावर चढवलेली लोखंडी धाव, अशा गाडीतून ऊस ओढताना बैलांचे हाल व्हायचे. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि तेवढ्याच ओझ्याला बैलांना ताकद कमी लागू लागली. जनावरांच्या डॉक्टरने लावलेला शोध असा शेवटी जनावरांच्या खांद्यापर्यंत पोचला, ही मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. 1972 मध्ये नगरच्या कायनेटिकची लूना रस्त्यावर आली, तीही याच हवेवर.

पंक्चरही अर्थातच इथे भरपूर! रस्त्याकडेला वेडी बाभूळ, तिचे काटे. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, त्यांचे पडलेले नटबोल्ट. बैलाच्या नालाचा एखादा निसटलेला खिळा. मनमाड रोडला रात्री गाडी बसली तर काय होतं ते कुणाला सांगायला नको. म्हणून जेलचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धावत्या बाइकचं मागचं चाक अचानक बसलं तर जिवावर बेतू शकतं.

मग जेल काय करतं? व्हॉल्वची पिन काढून हे द्रव आत ओततात. त्यात ग्लायकॉलसारखं न वाळणारं पातळ द्रव्य आणि बारीक तंतू असतात, काहींमध्ये लॅटेक्स असतं. चाक फिरलं की सेंट्रिफ्यूगल फोर्सने त्याचा थर ट्रेडच्या आतल्या बाजूला बसतो. खिळा घुसला की बाहेर पळणारी हवाच ते द्रव भोकात ढकलते, तंतू अडकतात आणि भोक बंद होतं. म्हणजे पंक्चर काढायचं काम टायर स्वतः, चालता चालता करतो. आयडिया झकास आहे.

पण मर्यादा आहेत. ट्रेडवरचं काही मिलिमीटरचं भोक बुजतं, साइडवॉल फाटली तर काहीही उपयोग नाही. ट्यूबच्या टायरमध्ये फायदा कमी, कारण ताणलेल्या ट्यूबला भोक पडलं की ते फाटत जातं. काही महिन्यांनी द्रव आटतं, गोळे होतात, मग वेगात चाक थरथरतं. हलक्या प्रतीच्या जेलने रिम गंजू शकते. ओल्या, चिकट आतल्या बाजूला पॅच धरत नाही, म्हणून पंक्चरवाल्याला आधी धुवावं लागतं. त्याचा राग खराच आहे! आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे खिळा टायरमध्येच राहतो, आपल्याला पत्ता नसतो आणि आपण ट्रिपल सीट शिर्डीला निघतो.

माझं मत विचाराल तर असं. अलॉय व्हीलवर ट्यूबलेस टायर असेल आणि रात्री-बेरात्री सुनसान रस्त्याने जायचं असेल, तर चांगलं जेल योग्य मापात जरूर टाका. आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा, बाटलीवरची मुदत लिहून ठेवा. दर आठवड्याला हवा तपासा आणि टायरवरून नजर फिरवा. खिळा दिसला की दुकान गाठून नीट पंक्चर काढून घ्या आणि आत जेल आहे हे पंक्चरवाल्याला आधीच सांगा. ट्यूबचा टायर असेल तर तेच पैसे चांगल्या ट्यूबमध्ये घाला. आणि टायर गुळगुळीत झाला असेल तर जेल टाकूच नका. तिथे उपाय एकच, नवा टायर.

पंक्चर कायमचं घालवायचा उपाय 1887 सालीही बाजारात होता. त्याचं नाव भरीव रबर, आणि तो बेलफास्टच्या अंगणात हरला. हवेवर चालायचं ठरवलं की भोक कधी ना कधी पडणारच. वेल्च, बार्टलेट, मिशेलिन आणि आजचं जेल बनवणारे, सगळ्यांनी हे मान्य करूनच काम केलं. जेल आपल्याला घरापर्यंत पोचवेल. पोचल्यावर टायर तपासायचं काम मात्र आपलंच आहे.