कापसाच्या मुलखातले पंजाबराव आणि भाताचे फुटवे

वऱ्हाड म्हणजे काळी जमीन आणि कपाशी. अमरावती-अकोल्याच्या शिवारात भाताची लावणी शोधून सापडायची नाही. पण 1953 मध्ये भात ओळीत आणि अंतर राखून लावा, असे सांगणारी मोहीम देशभर निघाली तेव्हा केंद्रात कृषी खाते सांभाळत होते ते याच मुलखातले डॉ. पंजाबराव देशमुख.

त्यांचा जन्म 27 डिसेंबर 1898 चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. शिक्षण पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती अशा मुक्कामांनी झाले. पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि 1920 मध्ये विलायत. तिथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती वेदकालीन धर्मावर, शिवाय बॅरिस्टरही झाले. वनस्पतिशास्त्राशी काडीचा संबंध नाही! 1926 मध्ये ते परतले. अमरावतीत वकिली, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह, 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि 1952 पासून दहा वर्षे केंद्रीय मंत्रिमंडळ.

त्या काळात देशाला धान्य बाहेरून आणावे लागे. जपानात मात्र एकरी भात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पिके. म्हणून पंजाबरावांनी जपानी भातशेतीचा प्रसार हाती घेतला. मिठाच्या पाण्यात बी टाकायचे आणि वर तरंगणारे पोचट बी काढून टाकायचे. रोपे गादीवाफ्यावर वाढवायची. चुडात मोजकीच रोपे, दोन चुडांत साधारण 25 सेंटीमीटर अंतर, भरपूर खत आणि ओळींमधून कोळपणी.

कमी बी टाकून जास्त भात कसा येणार? शेतकऱ्याला ही शंका येणे साहजिकच होते. उत्तर रोपाच्या बुडाशी आहे. भाताच्या खोडाचे खालचे सांधे एकमेकांना अगदी खेटून असतात आणि तिथे प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. प्रकाश, जागा आणि नत्र मिळाले की तो डोळा फुटतो. हाच फुटवा. त्याला स्वतःची पाने येतात, मुळे येतात आणि बळ धरलेल्या फुटव्याला लोंबीही येते. दाटीत मात्र शेजाऱ्याच्या सावलीची चाहूल रोपाला लागते. मग ते फुटण्याऐवजी उंच होण्याच्या मागे लागते आणि बरेचसे डोळे तसेच राहून जातात. म्हणून पीक वाढीला लागले की शास्त्रज्ञ चुडामागे फुटवे मोजतात. पुढे त्यांतल्या किती फुटव्यांना लोंबी आली, तेही मोजावे लागते.

मोहिमेने उत्पादन वाढले, पण एक अडचण लागवडीने सुटणारी नव्हती. आपले जुने वाण उंच. खत वाढवले की ते आणखी उंच होत आणि लोंब्यांच्या भाराने लोळत. लोळलेला भात नीट भरत नाही, कापायलाही त्रास.

या उंचीचे गूढ उकलायला सुरुवात पंजाबराव मायदेशी परतले त्याच वर्षी झाली होती. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले की एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे भाताची रोपे भलतीच लांबतात. त्या द्रव्याला पुढे जिबरेलिन हे नाव पडले. तेच संप्रेरक निरोगी रोपही स्वतःपुरते तयार करते आणि त्याने खोड लांबते. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 मध्ये आयआर-8 हा बुटका वाण आणला. त्याच्या खोडात जिबरेलिन कमी बनते, हे 2002 मध्ये जनुक सापडल्यावर कळले. खत घालूनही तो ताठ उभा राही.

पंजाबरावांना ते पाहायला मिळाले नाही. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

विदर्भात कृषी विद्यापीठ हवे म्हणून त्यानंतर आंदोलन झाले आणि 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यात पंजाबरावांच्या नावाने विद्यापीठ उभे राहिले. अकोल्यात कापूस, ज्वारी, तुरीवर काम चालते. धानाचे संशोधन मात्र पूर्व विदर्भात, सिंदेवाही आणि साकोलीच्या केंद्रांवर. तिथे लावणीला रोवणी म्हणतात.