परक्या भाषेतले नाटक आणि आपले अण्णासाहेब

उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात आठ दिवसांसाठी तळेगावला आली होती. तळेगाव म्हणजे वर्धा जिल्ह्यातले, श्यामजी पंतांचे तळेगाव. नागपूर-अमरावती रस्त्यावर जिथे आर्वीकडे फाटा फुटतो, ते. संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसलो असताना तिने मोबाइलवर एका संगीत नाटकातली दोन-तीन गाणी लावली. बहिणीच्या भुकेल्या लेकरासाठी पाव चोरून जन्मभर त्याची शिक्षा भोगणाऱ्या माणसाची ती कथा. व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी, 'ले मिझराब्ल'. तिच्यावरचे नाटक १९८० साली पॅरिसला फ्रेंचमध्ये झाले, १९८५ मध्ये लंडनला इंग्रजीत आले आणि २०१२ पासून ते कोरियन भाषेतही होऊ लागले. नात पाहत होती तो प्रयोग कोरियन होता.

मला एक शब्दही कळला नाही. तरी खरे सांगतो, गाणारा माणूस काय हरवून बसला आहे ते कळत होते. पण मोठेपणा आडवा आला. आपले सौभद्र, आपले शाकुंतल धुळीत पडलेले आणि ही पोर कुठली परकी गाणी ऐकत बसली आहे, असे काहीबाही मी बोलून गेलो. नात हिरमुसली. मोबाइल बंद करून आत निघून गेली.

रात्री मला झोप लागेना. ज्या सौभद्राचा आणि शाकुंतलाचा मी दाखला दिला, ती नाटके आपल्याला मिळाली कशी? एक मराठी माणूस परक्या भाषेतले संगीत नाटक पाहायला गेला होता, म्हणूनच ना? सकाळी उठल्यावर नातीला जवळ बोलावले आणि तिला अण्णासाहेब किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. किर्लोस्कर म्हटल्यावर तिला आमच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवरचा पंप आठवला. शाकुंतल म्हटल्यावर आर्वी-पुलगावची ती छोटी शकुंतला गाडी आठवली, जी तिने कधी पाहिलेली नाही, फक्त माझ्या तोंडून ऐकलेली आहे. तेव्हा सुरुवातीपासूनच सुरुवात करणे भाग होते.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर ऊर्फ अण्णासाहेब यांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. पंपवाले लक्ष्मणराव किर्लोस्करही त्याच गावी, पुढे १८६९ मध्ये जन्मले. मुलूख कानडी, घर मराठी आणि घरचे शिक्षण कानडी, मराठी, संस्कृत अशा तिन्ही भाषांतले. म्हणजे मराठी संगीत नाटकाचा हा शिल्पकार दोन बोलीभाषांच्या शिवेवर वाढला. एका भाषेतली गोष्ट दुसरीत नेऊन सांगायची, हे ज्याच्या रोजच्या जगण्यात असते त्याला परकी भाषा फारशी परकी वाटत नाही.

योगायोग असा की ज्या वर्षी अण्णासाहेब जन्मले, त्याच १८४३ च्या नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. तेही कशामुळे? कारवारकडच्या कर्की गावची एक भागवत मंडळी सांगलीला येऊन कानडी खेळ करून गेली होती. ते पाहून सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांना वाटले की असे आपल्या भाषेत व्हावे. भाव्यांनी ते काम अंगावर घेतले. म्हणजे मराठी नाटकाचे पहिले पाऊलही परक्या भाषेतला खेळ पाहूनच पडले होते.

भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकात गाणे होते, पण ते सूत्रधाराकडे. तो पदांतून कथा सांगायचा आणि पात्रे आपापले भाषण ऐनवेळी, सुचेल तसे करायची. राक्षस आला की आरडाओरड आणि तलवारींचा खणखणाट. म्हणून तर लोक थट्टेने त्यांना अलल्लडुर्र नाटके म्हणत. सीता रडायची, पण तिचे रडणे गायचा सूत्रधार. मनातले दुःख एकाचे आणि सूर दुसऱ्याचा, अशी ती वाटणी होती.

तरुण बळवंता शिकण्यासाठी धारवाड, कोल्हापूर करीत पुण्याला आला आणि नाटकांच्या नादाला लागला. नाटक मंडळ्यांना पदे रचून देऊ लागला. अभ्यास मागे पडला. पुढे १८६६ मध्ये बेळगावला त्याने भारतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. पोटासाठी शिक्षकाची नोकरी केली, पोलीस खात्यात काम केले, मग कमिशनरच्या कचेरीत लागला. शंकराचार्यांच्या जीवनावरचे 'शांकरदिग्जय' हे नाटक त्याने १८७३ मध्ये लिहिले. पण सगळे अधूनमधून, नोकरी सांभाळून. त्या काळी नाटकात काम करणाऱ्याकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, ते वेगळे सांगायला नको. चांगल्या घरातला, कचेरीतला माणूस तोंडाला रंग लावतो म्हटले की नातेवाईक मान खाली घालीत. मुलगी द्यायची वेळ आली तर आधी विचारीत, नाटकाचा नाद तर नाही ना?

असा हा सदतीस वर्षांचा संसारी, सरकारी नोकर १८८० मध्ये पुण्यात असताना एका पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहायला गेला. 'इंद्रसभा' हे लखनौच्या आगा हसन अमानत यांचे उर्दू संगीत नाटक. इंद्राच्या दरबारातली सब्ज परी, म्हणजे हिरवी परी, गुलफाम नावाच्या माणसाच्या राजपुत्रावर भाळते. इंद्र रागावून गुलफामला विहिरीत कोंडतो. परी जोगीण होऊन गात गात दरबारात येते आणि आपल्या गाण्याच्या मोलावर त्याला सोडवून आणते. हे नाटक तेव्हा फार लोकप्रिय होते. पुढे १८९२ मध्ये त्याचे जर्मन भाषांतर झाले आणि १९३२ मध्ये त्यावर निघालेल्या बोलपटात तर सत्तरएक गाणी होती.

त्या रात्री अण्णासाहेबांच्या मनात काय आले, ते कोणी लिहून ठेवले असले तरी आपण नव्याने रचून सांगू नये. त्यांनी पुढे काय केले, त्यावरून मात्र बरेच उमगते. तिथे परी स्वतः गात होती. विरह तिचा आणि सूरही तिचाच. सूत्रधाराने मध्ये येऊन सांगण्याची गरज नव्हती. मराठीतही असे करता येईल, ही गोष्ट त्यांना पटली.

इथे एका माणसाची आठवण ठेवायला हवी. मुंबईचे सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी 'नलदमयंती' हे गाण्यांचे नाटक अण्णासाहेबांच्या थोडे आधीच आणले होते. वाट अगदीच अनोळखी नव्हती. पण तिचा हमरस्ता केला तो अण्णासाहेबांनी.

आणि तो करताना त्यांनी जी निवड केली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. पारशी नाटकातली परी त्यांनी आणली नाही, गुलफाम आणला नाही. त्यांनी कथा घेतली कालिदासाची आणि 'शाकुंतल' मराठीत उतरवले. चालीही आपल्या घरातल्या वापरल्या. कीर्तनात ऐकलेली साकी, दिंडी, बायकांच्या तोंडची ओवी, लावणी आणि लहानपणापासून कानावर पडलेली कानडी पदे. परक्याकडून घेतली ती फक्त रीत, म्हणजे पात्राने स्वतः गाण्याची. बाकी सगळे माजघरातले. त्यामुळे नवे असूनही ते कोणाला उपरे वाटले नाही. पदे दोनशेच्या आसपास होती, तरी लोकांना त्यांचा कंटाळा आला नाही.

दसऱ्याच्या सुमारास पुण्यात तांबेकरांच्या वाड्यात तालीम झाली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. वार रविवार, दिवाळीचे दिवस. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. सात अंकांपैकी चारच अंक त्या रात्री झाले. चौथ्या अंकात काय आहे? शकुंतला सासरी निघते. आश्रमातली हरणे, वेली, मैत्रिणी मागे राहतात आणि संसाराचा त्याग केलेल्या कण्वालाही लेकीला निरोप देताना उमाळा आवरत नाही. तोवर बापाचे हे दुःख सूत्रधाराने सांगितले असते. त्या रात्री ते बापानेच गाऊन सांगितले. सणासुदीच्या त्या रात्री प्रेक्षक घरी गेले ते लेकीची पाठवणी मनात घेऊन. दुसरे काही सांगितले नाही तरी चालेल, इतके त्यात आले.

मग १८ नोव्हेंबर १८८२ ला 'सौभद्र' आले, आधी तीन अंक आणि पुढच्या वर्षी पुरते पाच. बडोद्याहून आणलेला भाऊराव कोल्हटकर नावाचा गोड गळ्याचा तरुण त्यात सुभद्रा झाला. लोक त्याला लाडाने भावड्या म्हणत. बलरामदादा सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा होतो, तिचे मन अर्जुनावर आणि या दोघांच्या मध्ये गोड कारस्थाने करणारा कृष्ण. नावे महाभारतातली, पण बोलणे-रुसणे सगळे आपल्या चौसोपी वाड्यातले. थोरला भाऊ हट्टी, धाकटा मिस्किल, आणि लग्न जिचे तिला कोणी विचारत नाही. ते पाहताना कितीतरी घरांना आपलेच घर दिसले असेल.

आम्हा तळेगावकरांना त्यातली रुक्मिणी विशेष जवळची. तिचे माहेर कौंडिण्यपूर, आर्वीच्या पलीकडे वर्धा नदीच्या काठावर. दर आषाढीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. रंगभूमीवर कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश रंगला की आमच्या आईला वाटायचे, आपल्याच गावाकडची लेक सासरी कशी नांदते ते पाहतो आहोत.

अण्णासाहेबांना मात्र वेळ थोडा मिळाला. २० ऑक्टोबर १८८४ ला 'रामराज्यवियोग'चे तीन अंक रंगभूमीवर आले. चौथा कधी आलाच नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूरला, ज्या गावी जन्मले तिथेच, ते वारले. वय अवघे बेचाळीस. 'शाकुंतल'पासून मोजले तर पाचच वर्षे झाली होती.

पण त्या पाच वर्षांची पेरणी बघा. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' लिहून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख गाण्यातून मांडले. किर्लोस्कर नाटक मंडळीत १९०५ मध्ये नारायण राजहंस नावाचा मुलगा आला आणि शकुंतला होऊन उभा राहिला. तेच बालगंधर्व. पुढची पन्नास-साठ वर्षे महाराष्ट्रातल्या घराघरांत जी नाट्यपदे गुणगुणली गेली, त्यांचे मूळ शोधत गेले तर आपण पुण्यातल्या त्या उर्दू खेळाच्या रात्रीपाशी येऊन थांबतो.

आम्ही वडीलधारी माणसे एका भीतीने बोलत असतो. मुले इंग्रजी शाळेत गेली, परकी गाणी ऐकू लागली, आता मराठीचे कसे होणार? ही भीती अगदी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. नुसते पाहत बसले, ऐकत बसले, तर हातातले जातेच. पण कान झाकून घेतल्यानेही काही उरत नाही. अण्णासाहेबांनी कान उघडे ठेवले आणि हात रिकामे ठेवले नाहीत. परक्या घरी जेवून आल्यावर त्यांनी त्या स्वयंपाकाची नुसती वाहवा केली नाही, की आपल्या चुलीला नावे ठेवली नाहीत. घरी येऊन आपली चूल पेटवली, आपलेच धान्य शिजवले, फक्त फोडणी द्यायची नवी रीत शिकून आले.

हे सगळे नातीला सांगून झाले आणि आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल चुकलो, असेही सांगितले. आजोबाने नातीपुढे चूक कबूल करायला आमच्या पिढीला जरा जड जाते, पण केली. तिने हसून मोबाइल काढला आणि ते कोरियन गाणे पुन्हा लावले. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकले. मग तिने माझ्याकडून सौभद्राची सगळी गोष्ट विचारून घेतली आणि कार्तिकात आली की कौंडिण्यपूरला जायचे कबूल करून घेतले. रुक्मिणीचे माहेर तिला पाहायचे आहे.

ती पुण्याला परत गेली त्या दिवशी फाट्यावर तिला बसमध्ये बसवून मी घरी आलो. शाकुंतलाचा चौथा अंक म्हातारपणी अधिक कळतो.